पाच कोनांची पेटी

मिस्त्रींच्या कारखान्यात कामाला लागायचं म्हणजे पहिल्याच दिवशी पेटीशी गाठ पडायची. कारखाना तरी कसला, एक लांबलचक पत्र्याची शेड. एका अंगाला सिमेंटच्या फरश्यांचे साचे, दुसऱ्या अंगाला घासायचं मशीन आणि मधोमध एक जुनं लाकडी टेबल. नवा माणूस आला की मिस्त्री स्वतः कोपऱ्यातली पेटी ओढत आणायचे आणि टेबलाशेजारी दणकन टेकवायचे. पेटीत तळहाताएवढ्या करड्या फरश्या होत्या, प्रत्येकीला पाच बाजू आणि पाच कोपरे. हुकूम साधा असायचा. या फरश्यांनी टेबल झाकून दाखव. मधे फट नको, एकावर एक चढवायची नाही, कडेनं बाहेर आल्या तर चालतील. चार वाजेपर्यंत वेळ.

बावीस वर्षांत एकालाही ते जमलं नव्हतं. माणूस घाम गाळायचा, फरश्या फिरवायचा, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि बाकीचे कामगार तोंडाला रुमाल लावून हसत बसायचे. दुपारी डबे उघडले की घासायच्या मशीनवरचा लांबू नव्या माणसाच्या कानाशी लागून सांगायचा, अरे, हे बसतच नाही, गंमत आहे, उगाच जीव काढू नकोस. मग तोही पाय पसरून बसायचा. चारला मिस्त्री यायचे, सगळ्यांना गोळा करायचे आणि धडा द्यायचे.

धडा असा. एका बिंदूभोवतीचा पूर्ण फेरा तीनशे साठ अंशांचा. सगळ्या बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचे सहा कोपरे त्यात नेमके मावतात, चौकोनाचे चार, षटकोनाचे तीन. पाचकोनाचे तीन ठेवले तर फट राहते आणि त्या फटीत चौथा काही शिरत नाही. कारण एका कोपऱ्याचे एकशे आठ, तिनाचे तीनशे चोवीस, आणि उरलेले छत्तीस अंश तुमच्या तोंडाकडे बघून हसतात. एवढं समजलं की माणूस फरशी बसवायला लायक झाला. शेवटी मिस्त्री पेटीतली एक फरशी उचलून सगळ्यांना दाखवायचे. ही ज्यानं कापली तो म्हणायचा पाचकोनी बसते. बसणं राहू द्या, त्याला पाची बाजू सारख्या कापतासुद्धा आल्या नाहीत, ही बघा एक आखूड. मग सगळे पोट धरून हसायचे.

ज्यानं कापली तो मिस्त्रींचा सख्खा थोरला भाऊ होता. कारखाना दोघांनी मिळून काढलेला. साचे करायचे, फरशी कापायची ते दादाचं काम. ती जागेवर नेऊन बसवायची ते मिस्त्रींचं. दादाच्या हातात सफाई होती, मिस्त्रींच्या नजरेत. मिस्त्री गुण्या लावल्याशिवाय दाराची चौकटसुद्धा खरी मानायचे नाहीत. हा गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार, ते त्यांच्या कमरेला कायम लटकलेलं. लग्नातल्या फोटोतही ते दिसतं, आणि बायको अजून त्यावरून टोमणे मारते.

बावीस वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या दालनाचं काम आलं. दादा म्हणाला, या वेळी पाचकोनी करू, कुठे कुणी पाहिली नसेल अशी जमीन होईल. मिस्त्री म्हणाले, बसत नाही. दादा म्हणाला, बसते, मी करून आणतो. महिनाभर तो एकेक फरशी हातानं कापत राहिला आणि एका सकाळी ही पेटी घेऊन आला. मिस्त्रींनी वरच्या तीन फरश्या उचलल्या, हाताला जे कोपरे आले ते एकमेकांना भिडवले. फट दिसली. दिसणारच होती, ते तिचीच तर वाट बघत होते. सगळ्या कामगारांसमोर ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दादानं अंगावरचा एप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाला की पेटी एकदा नीट मांडून बघ, मग मी येतो. तो गेला तो गेलाच. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका साच्यांच्या कारखान्यात चिकटला.

मिस्त्रींनी वहिनींमार्फत निरोप धाडला की आधी चूक कबूल कर म्हणावं. तिकडून उत्तर आलं नाही. मग इकडून कुणी गेलं नाही. दोन्हीकडे हेका, आणि दोघंही एकाच आईच्या पोटचे, तेव्हा कुणाचा हेका वरचढ ते देवालाच ठाऊक.

आणि गेल्या मंगळवारी वहिनींचा फोन आला. दादाच्या छातीत आयुष्यभराची सिमेंटची धूळ बसली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि वहिनींना बाजूला घेऊन आठवडाभराचा अंदाज दिला होता. "भाऊजी, ते तुमची वाट बघताहेत. या एकदा." मिस्त्रींचा पाय चपलेकडे वळलाही. पण तोंडानं काय बोलावं माणसानं? ते म्हणाले, "त्याला म्हणावं, पाचकोनी बसत नाही एवढं एक वाक्य बोल. मी अस्सा निघतो." वहिनींनी फोन ठेवून दिला. मिस्त्रींच्या बायकोनं त्या दिवशी त्यांच्यापुढे ताट आदळलं आणि सांगितलं की तुम्ही माणूस नाही, दगड आहात. मिस्त्री खाली मान घालून जेवले. त्यांनाही वाटत होतं, भाऊ चाललाय. पण बावीस वर्षं दर नव्या माणसापुढे जे सांगितलं ते एका फोनवर कसं सोडायचं? खरं ते खरं, असं ते स्वतःला बजावत होते.

बुधवारी शिंपीणबाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, केस करडे, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. त्या ज्या शिवणकामाच्या कारखान्यात होत्या तो बंद पडला होता, आणि इथे छोट्या फरश्या जाळीवर चिकटवायला सावध हाताचं कुणीतरी हवं होतं. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि पेटी ओढून आणली. खरं म्हणजे त्यांचं लक्ष नव्हतं. सकाळपासून फोन खिशात होता आणि तो वाजेल म्हणून ते धास्तावले होते, वाजत नव्हता म्हणूनही धास्तावले होते.

शिंपीणबाईंनी पेटीतून एक फरशी घेतली. मग दुसरी घेऊन पहिलीवर पालथी ठेवली, कडा जुळवून बघितल्या. मग तिसरी. अशा दहाबारा एकावर एक रचून त्यांनी चष्मा लावला आणि त्या चळतीवरून बोट फिरवलं. लांबूला हसू आवरेना. टेबल भरायचं सोडून बाई मनोरे रचतायत, असं तो सगळ्यांना सांगत फिरला. दुपारी डबे उघडल्यावर त्यानं रिवाजाप्रमाणे बाईंच्या कानाशी लागून गुपित सांगितलं, ते नेमकं डाव्या कानाशी. बाईंनी हसून मान डोलावली, दोन घास खाल्ले आणि हात पुसून पुन्हा टेबलाशी गेल्या.

चारच्या आधी पावणेचारलाच त्या मिस्त्रींच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"टेबल संपलं," त्या म्हणाल्या. "या नऊ उरल्या. कुठे ठेवू?"

मिस्त्रींना वाटलं, बाईंना हुकूम कळला नसेल, नुसत्या पसरून ठेवल्या असतील. ते उठले, बाहेर आले आणि टेबलापासून चार पावलांवर थांबले. टेबलाचं लाकूड कुठेच दिसत नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत करडी जमीन पसरली होती, फटीशिवाय, एकावर एक न चढता, सगळी पाचकोनी. काही उभ्या, काही आडव्या, काही उलट्या दिशेला तोंड केलेल्या, आणि सगळ्या एकमेकींत अशा घुसलेल्या की एक हलवायची म्हटलं तर पाच हलतील. मिस्त्रींनी आयुष्यात शेकडो जमिनी पाहिल्या होत्या. अशी एकही पाहिली नव्हती.

हातातलं काम सोडून सगळे टेबलाभोवती गोळा झाले. लांबूच्या तोंडातला घास तोंडातच राहिला, म्हणजे तो अजून खात होता हेही तेव्हा सगळ्यांना कळलं.

मिस्त्रींना पहिल्यांदा राग आला. राग हा त्यांचा जुना सोबती, अडचणीत धावून यायचा. ते टेबलावर वाकले आणि फट शोधायला लागले. नख फिरवलं, डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघितलं, खिशातलं ब्लेडचं पातं सांध्यात घालून पाहिलं. पातं शिरेना. जन्मभर ज्या नजरेवर भाकरी कमावली ती नजर समोरचं बघत होती आणि डोकं मानायला तयार नव्हतं.

कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. बाईंनी उजवा कान पुढे केला. त्यांनी पुन्हा विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? कापड वाचवायचं तर तुकडे असेच फिरवून मांडतो आम्ही. आखूड बाजूला आखूड बाजू लावली. दोन्ही मिळून मधे कंबर बारीक झाली. त्या कमरेत तिसरीचं टोक घातलं, कुर्त्याला कळी घालतात तसं. पुढं आपोआप होत गेलं."

मिस्त्री म्हणाले, ती आखूड बाजू चुकून झालेली आहे. बोलताना आपला आवाज आपला वाटत नाही हे त्यांना जाणवलं.

बाईंनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "चुकून कशी होईल? मी बारा एकावर एक ठेवून बघितल्या. सगळ्यांची तीच बाजू आखूड, आणि तेवढीच आखूड. चूक असती तर दर वेळी वेगळी झाली असती."

शेंबड्या पोरालाही कळावं असं होतं ते. बावीस वर्षं ती फरशी हातात धरून त्यांनी लोकांना हसवलं होतं. कधी दुसरी फरशी तिच्यावर ठेवून बघितली नव्हती. पेटीत दीडशे फरश्या, दीडशेंच्या दीडशे एकाच जागी, एकाच मापानं आखूड, आणि ते म्हणत होते दादाचा हात चळला.

त्यांनी कमरेचा गुण्या काढला. आखूड बाजूच्या पलीकडचा कोपरा त्यांनी गुण्यात बसवला. काटकोन. तंतोतंत. दुसऱ्या अंगाचा तसाच कोपरा बसवला. काटकोन. उरलेले तीन कोपरे एकमेकांसारखे, बोथट, हिशेबानं प्रत्येकी एकशेवीस. म्हणजे तीन बोथट कोपरे एकत्र आले की फेरा पूर्ण, आणि चार काटकोन एकत्र आले की फेरा पूर्ण. तीनशे साठ आणि तीनशे साठ. हा त्यांचाच धडा होता, त्यांच्याच तोंडचा, फक्त त्यांनी पाचकोन म्हटलं की पाची बाजू सारख्या असंच धरून ठेवलं होतं. दादानं तसं कधी म्हटलंच नव्हतं. जगातल्या प्रत्येक वस्तूला गुण्या लावणाऱ्या माणसानं सख्ख्या भावानं केलेल्या फरशीला एकदाही तो लावला नव्हता.

आणि मग त्यांना आणखी एक आठवलं, आणि ते स्टुलावर बसले. दहाएक वर्षं झाली असतील. एक पोरगेला कारागीर कामाला आला होता, चार दिवस टिकला आणि गेला. त्यानं टेबलाशी उभं राहून हाक मारली होती की इथं बसतंय बहुतेक. मिस्त्रींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. कडेला बघ, फट असेल, एवढंच म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. त्या पोरानंही हसून फरश्या गोळा केल्या होत्या.

लांबू उगाच मशीनचा पट्टा पुसत होता. शिंपीणबाईंना वाटलं आपलंच काही चुकलं. त्या म्हणाल्या, साहेब, काम नसेल द्यायचं तर तसं सांगा, पण असे बसू नका. मिस्त्रींनी त्यांना हात जोडले. कारखान्यात बावीस वर्षांत त्यांनी कुणाला हात जोडलेले कुणी पाहिले नव्हते. मग ते उठले, उरलेल्या नऊ फरश्या पिशवीत घातल्या आणि पायातल्या कामाच्या चपलांनीच बाहेर पडले.

दादाचं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पत्ता मात्र पाठ होता, कसा ते विचारू नका. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन ते मनात वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर मोडत होतं. दादा असेल ना, हा एकच विचार मधेमधे डोकं वर काढायचा. कालच निघायचं होतं, आणि आपण काय म्हणालो, तर त्याला म्हणावं एक वाक्य बोल. स्वतःच्या त्या शब्दांची त्यांना शिसारी आली.

दार वहिनींनी उघडलं. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. त्या बाजूला झाल्या. मिस्त्रींनी सवयीनं आधी खाली पाहिलं, कुठल्याही घरात शिरताना बघायचे तसं, आणि ते उंबऱ्यातच खिळले.

खाली फरशी नव्हती. पुढची सगळी खोली उघड्या सिमेंटची होती, खडबडीत, ठिकठिकाणी पोपडे निघालेली. आतल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात साध्या चौकोनी फरश्या दिसत होत्या, फक्त हीच खोली तशी. भिंतीला लागून लाकडी पेट्या रचलेल्या होत्या, एकीवर एक, खिडकीपर्यंत. कोपऱ्यात खाट आणि खाटेवर दादा. होता त्याच्या अर्धाच उरला होता, पण डोळे तेच होते आणि ते मिस्त्रींच्या हातातल्या पिशवीवर होते.

मिस्त्रींना या पेट्यांत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. तरी त्यांनी एकीचं झाकण उचललं. पाचकोनी होत्या, पण करड्या नाहीत, दोन रंगांच्या, कडा काचेसारख्या घासलेल्या. वहिनी हळूच म्हणाल्या की इथे आले त्याच वर्षी केल्या यांनी. तेव्हापासून खोली तशीच. पाहुणे यायचे, नावं ठेवायचे. मी भांडले, रडले, दुसरा माणूस बोलवा म्हटलं. ऐकलं नाही.

"का नाही बसवल्यास, दादा?" मिस्त्रींना एवढंच सुचलं.

दादाला बोलायला दम लागत होता. तो प्रत्येक शब्दापाशी थांबत होता.

"कापणारा मी. बसवणारा तू. मी कशा बसवणार?"

मिस्त्री त्या उघड्या सिमेंटवर बसले. बावीस वर्षं या माणसानं ओबडधोबड जमिनीवर पाय ठेवला होता, आणि तेवढीच वर्षं आपण त्याच्या नावानं माणसं हसवली. त्यांना रडू फुटलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी पिशवीतल्या करड्या फरश्या काढल्या आणि खाटेशेजारी चार मांडल्या, चार काटकोन एका जागी. दादा मान वळवून बघत होता.

"बसते, दादा," मिस्त्री म्हणाले. "पाचकोनी बसते."

"ते मला ठाऊक होतं रे," दादा म्हणाला. "तू कधी येतोस तेवढं ठाऊक नव्हतं."

पुढची बोलणी कामाची झाली, कारण दोघांनाही दुसरी कुठली येत नव्हती. सुरुवात खिडकीच्या भिंतीकडून करायची ठरली. वहिनींनी विचारलं, खाट आतल्या खोलीत हलवू का? दादा म्हणाला, नको, मला बघायचंय. मग मिस्त्रींनी खाटेखालची जागा शेवटी करायची असं ठरवलं. त्यांनी खिशातून दोरी काढली, खोली मापली, ओठ हलवत हिशेब केला. वहिनींनी किती दिवस लागतील ते विचारलं.

एवढ्या खोलीला मिस्त्रींना तीन दिवस पुरे होते. त्यांनी आयुष्यात कधी वायदा चुकवला नव्हता, की उगाच लांबवला नव्हता.

"पंधरा तरी लागतील," ते म्हणाले.

असल्या खोलीला किती दिवस लागतात ते दादाला चांगलं माहीत होतं. त्यानं भावाकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं, आणि सावकाश कर म्हणाला.